गोरखचिंचेची भावंडं ओळखायची कशावरून?

जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी लवकर एखाद्या जुन्या गोरखचिंचेखाली जाऊन बघा. चिखलात पडलेली फुलं हमखास सापडतात. वसई किल्ल्याच्या परिसरात मला असंच एक फूल मिळालं होतं, रात्री उमललेलं आणि उजाडायच्या आत गळलेलं. तळहात भरून जाईल एवढं मोठं. मागे वळलेल्या पाच जाड, चुरगळल्यासारख्या पांढऱ्या पाकळ्या आणि त्यांच्या कडांना नुकते पडू लागलेले तपकिरी डाग. मधोमध पावडरच्या पफसारखा तंतूंचा गोल झुबका, त्यातून बाहेर आलेली एक लांब दांडी. वास गोड नव्हता, आंबूस आणि उग्र होता.

मी तो झुबका नखाने उभा चिरला. वर शेकडो तंतू सुटे होते, पण खाली येता येता ते एकमेकांना जोडले जाऊन त्यांची एक पोकळ नळी झाली होती. जास्वंदीच्या फुलात मधोमध जो दांडा असतो, तोही असाच जोडलेल्या पुंकेसरांची नळी असतो. भेंडी आणि कापसाच्या फुलातही ती दिसते. ही सगळी मंडळी एकाच कुलातली, आणि गोरखचिंचही त्याच कुलातली. या नळीचं नाव आपण पुंकेसरनलिका ठेवू. गोरखचिंचेच्या जगभरच्या भावंडांमध्ये कोण कोणाच्या जवळचं, हा प्रश्न सोडवताना वनस्पतिशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा या नळीकडे येतात.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेतो, कारण मराठीत त्यांचा फार घोळ होतो. या लेखात 'प्रजाती' म्हणजे आडनाव आणि 'जाती' म्हणजे त्या आडनावाखालचं एकेक नाव. गोरखचिंचेचं शास्त्रीय नाव अ‍ॅडन्सोनिया डिजिटाटा. त्यात अ‍ॅडन्सोनिया ही प्रजाती आणि डिजिटाटा ही जाती. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी, कारण हिच्या पानात पाच ते सात पर्णिका हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या असतात. याच झाडाला जग बाओबाब म्हणतं.

या प्रजातीत आज साधारणपणे आठ जाती मानल्या जातात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एकच, डिजिटाटा. सहा जाती फक्त मादागास्कर बेटावर, आणि एक थेट ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात. आपल्याकडे आहे ती डिजिटाटाच. आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेल्या माणसांबरोबर ती इकडे आली, असं जनुकीय अभ्यास सांगतात. कोकण किनारा असो, मांडू असो की विजापूर, आपली प्रत्येक गोरखचिंच मूळची आफ्रिकेचीच.

आता एक कल्पना करा. तुम्हाला या आठही झाडांसमोर उभं केलं आणि सांगितलं, यांची वर्गवारी करा. सुरुवात कुठून कराल? अर्थातच खोडापासून. हत्तीच्या अंगासारखी साल, दहा माणसांनी कवेत घ्यावा एवढा घेर, त्यावर खुज्या वाटणाऱ्या फांद्या. नजर तिथेच जाते, पण नात्यांचा शोध घेताना खोडासारखी फसवी खूण दुसरी नाही.

कारण खोडाचा आकार झाडाच्या आयुष्यात काय काय घडलं त्यावर ठरतो. बाओबाबचं लाकूड म्हणजे कठीण लाकूड नव्हेच. ते पाण्याने भरलेलं, तंतुमय, स्पंजासारखं असतं. पावसाळ्यात खोड फुगतं आणि कोरड्या दिवसांत आकसतं. हत्ती दुष्काळात सुळ्यांनी ते कोरून खातात. माणसं दोरांसाठी साल सोलून नेतात, आणि झाड न मरता नवी साल धरतं. रेडिओकार्बन पद्धतीने वय मोजणाऱ्या एड्रियन पात्रुत यांच्या गटाने दाखवून दिलं आहे की पुष्कळ महाकाय बाओबाब म्हणजे मुळात एक खोड नसतंच. अनेक खोडं गोलाकार वाढत जाऊन एकमेकांना जोडली गेलेली असतात, आणि आतली पोकळी बऱ्याचदा कुजून झालेली नसते, तर त्या गोलाच्या मध्ये उरलेली मोकळी जागा असते. म्हणजे ज्याला आपण 'एक खोड' म्हणून मोजतो, तीच गोष्ट प्रत्येक झाडात वेगळी. अशा मापावर वर्गवारी उभी राहत नाही.

पान जरा बरं, पण तिथेही खाचखळगे आहेत. डिजिटाटाच्या बीपासून उगवलेल्या रोपाची पहिली पानं साधी, एकसंध असतात. बोटांसारखी पानं नंतर येतात. रोपवाटिकेतलं रोप पाहून 'ही गोरखचिंच नव्हेच' असं म्हणणारा माणूस चुकतो तो इथेच. शिवाय वर्षातले कित्येक महिने झाड निष्पर्ण असतं.

मग विश्वास ठेवायचा कशावर? हा वाद या प्रजातीच्या नावातच दडलेला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिशेल अ‍ॅडन्सन हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सेनेगलमध्ये उतरला. तिथल्या एका बेटावर शिकारीला गेला असताना त्याला पहिला मोठा बाओबाब दिसला. शिकार राहिली बाजूला. त्याने दोन्ही हात पसरून खोडाला वेढा घालायला सुरुवात केली. तेरा वेळा हात पसरावे लागले. मग दोरीने मोजलं, तर घेर भरला ६५ फूट. जवळपास पाच वर्षं तो त्या प्रदेशात राहिला, स्थानिक भाषा शिकला, आणि या झाडाचं पहिलं तपशीलवार वर्णन लिहिलं. बाओबाबचं फळ युरोपला त्याआधीच ठाऊक होतं, कारण कैरोच्या बाजारात ते विकलं जाई आणि इटालियन वैद्य प्रॉस्पेरो अल्पिनी याने १५९२ साली त्याची नोंद केली होती. झाड उभं कसं असतं, ते मात्र अ‍ॅडन्सनने दाखवलं. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने प्रजातीला त्याचं नाव दिलं आणि १७५९ साली अ‍ॅडन्सोनिया डिजिटाटा हे नाव छापलं गेलं.

गंमत अशी की वर्गवारीच्या बाबतीत या दोघांचं मुळीच पटत नव्हतं. लिनियसची पद्धत सोपी होती: फुलात पुंकेसर किती आणि कसे आहेत ते मोजा, आणि त्यानुसार झाड त्या त्या कप्प्यात टाका. ज्यांचे सगळे पुंकेसर एका जुडग्यात जोडलेले, त्यांचा एक वर्ग. बाओबाब त्यात गेला. पद्धत झटपट होती, नवशिक्यालाही जमणारी होती. अ‍ॅडन्सनचं म्हणणं असं की एकच लक्षण आधीच पक्कं ठरवून त्यावर निसर्गाची वाटणी करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, सगळं बघा. त्याने नुसतं म्हटलं नाही, करून दाखवलं. एकेका लक्षणावर आधारलेल्या ६५ वेगवेगळ्या वर्गवाऱ्या त्याने मांडल्या. ज्या वनस्पती बहुतेक वर्गवाऱ्यांत एकमेकींच्या जवळ येत होत्या, त्यांचे गट बांधले, आणि १७६३ साली ५८ कुलं जाहीर केली. त्या काळी या खटाटोपाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. दोनशे वर्षांनी, संगणक आल्यावर, पीटर स्नीथ आणि रॉबर्ट सोकल या जीवशास्त्रज्ञांनी जीवाणूंपासून कीटकांपर्यंत अनेकांची वर्गवारी शेकडो लक्षणं एकत्र मोजून करायला सुरुवात केली, तेव्हा पूर्वज म्हणून त्यांनी अ‍ॅडन्सनचं नाव घेतलं.

आज शास्त्रज्ञ या दोघांच्या मधला रस्ता धरतात. लक्षणं अनेक बघायची हे अ‍ॅडन्सनचं खरं. पण सगळी सारख्या वजनाची धरायची नाहीत. जे लक्षण पाऊस, माती, वय यांच्याबरोबर बदलत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, त्याला जास्त मान द्यायचा. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बाऊम यांनी १९९५ साली या प्रजातीची नव्याने मांडणी केली, ती याच रीतीने. त्यात सर्वांत जास्त उपयोगी पडलं फूल.

आता आपण प्रत्यक्ष ओळखकिल्ली चालवून बघू. ओळखकिल्ली म्हणजे दर पायरीला दोन पर्याय: हे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे.

पहिला प्रश्न कळीचा. कळी गोल आहे आणि लांब देठावर खाली लोंबते आहे का? असेल तर ही डिजिटाटा. आपल्याकडच्या झाडावर ही लोंबती कळी उन्हाळ्याच्या अखेरीला लांबूनही दिसते. प्रजातीच्या अंतर्गत विभागणीत डिजिटाटा एकटीच एका गटात बसते.

कळी उभी असेल तर पुढचा प्रश्न: आखूड आणि अंड्याच्या आकाराची, की काकडीसारखी लांबट? आखूड असेल, आतल्या पाकळ्या पांढऱ्या असतील आणि पुंकेसरनलिका तोकडी असेल, तर आपण 'आखूड नळीच्या' गटात आलो. यात मादागास्करच्या दोनच जाती आहेत. एक ग्रँडिडिएरी. मोरोंडावाजवळच्या रस्त्यावर दुतर्फा देवळाच्या खांबांसारखे गुळगुळीत, सरळसोट बाओबाब उभे असल्याचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील, त्या याच. दुसरी सुआरेझेन्सिस, बेटाच्या उत्तर टोकाला, अगदी छोट्या टापूत उरलेली. दोघी कोरड्या हंगामात, झाडावर पान नसताना फुलतात.

कळी लांबट असेल, वीतभर किंवा त्याहूनही मोठी, तर तो 'लांब नळीचा' गट. यात पाच जाती: मादागास्करच्या चार आणि ऑस्ट्रेलियाची ग्रेगोरी. यांच्या पाकळ्या लांब आणि अरुंद असतात. मादागास्करच्या चौघींमध्ये त्यांचा रंग पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत जातो. पुंकेसरनलिका लांब, पण वरचे सुटे तंतू कमी. डिजिटाटात ते सातशेपासून हजाराच्याही पुढे जातात, तर इथे काही जातींत शंभर-दोनशेच.

या गटात शिरल्यावर मात्र नुसतं फूल पुरत नाही आणि अ‍ॅडन्सनचा सल्ला मानावा लागतो. रुब्रोस्टिपा ही जाती पानावरून कळते, कारण पर्णिकांच्या कडा दातेरी असण्याचा गुण एवढ्या एकीतच आहे. शिवाय तिची साल तांबूस. 'झा' या इवल्याशा नावाची जाती फळाच्या देठावरून ओळखतात. तो देठ फुगून जाडजूड होतो. ग्रेगोरीच्या फळाचं कवच पातळ आणि ठिसूळ. उरलेल्या दोघी, मादागास्करिएन्सिस आणि पेरिएरी, यांच्यासाठी फुलाची आणि फळाची मापं बारकाईने घ्यावी लागतात. यातली पेरिएरी जगातल्या सर्वांत दुर्मिळ बाओबाबपैकी आहे, अतिसंकटग्रस्त. तिचं फूल हातात घेऊन बघायची संधी फार थोड्या माणसांना मिळाली असेल.

इथे कुणाच्याही मनात येईल की फुलाची लांबी एवढी भरवशाची का? उत्तर रात्री मिळतं. बाओबाबचं फूल संध्याकाळी उमलतं आणि जेमतेम एक रात्र टिकतं. तेवढ्यात परागकण नेणारा कुणीतरी यायलाच हवा. लांब नळीच्या गटात मध खोल तळाशी असतो, आणि तिथवर पोचणारी लांब सोंड असते हॉकमॉथ नावाच्या मोठ्या पतंगांना. आखूड नळीच्या ग्रँडिडिएरीवर फलाहारी वटवाघळं आणि माकडासारखे दिसणारे लेमूर येतात. डिजिटाटावरही पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेत मुख्यतः वटवाघळंच. तो पफसारखा झुबका वटवाघळाच्या तोंडाला, छातीला परागकण फासण्यासाठीच आहे. पाहुणा आणि फूल यांचं माप जुळलं नाही तर बी धरत नाही, म्हणून हे माप सहजासहजी बदलत नाही.

पण याच कारणाने फूलही कधी कधी चकवतं. आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग या दोघांना आपण निवडुंगच म्हणतो: दोघेही मांसल, काटेरी, बिनपानाचे. पण फड्या निवडुंग अमेरिकेतल्या कॅक्टस कुलातला आणि त्रिधारी चिकाचा, एरंडाच्या कुलातला. नातं काही नाही; कोरड्या जमिनीत जगण्याची गरज एक, म्हणून रूप एक. तसंच डिजिटाटा आणि ग्रँडिडिएरी दोघींची फुलं पांढरी आणि उग्र वासाची आहेत ती जवळच्या बहिणी म्हणून, की दोघींना वटवाघळांना बोलवायचं आहे म्हणून? नुसतं फूल बघून याचा निकाल लागत नाही.

हा पेच किती खरा आहे ते २०१२ साली दिसलं. जॅक पेटिग्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एक नव्हे, दोन जाती आहेत. दुसरीचं नाव त्यांनी 'किलिमा' ठेवलं. पुरावा असा: उंचावरच्या प्रदेशातल्या काही झाडांची फुलं लहान, परागकण लहान, पानांवरच्या रंध्रांची ठेवण वेगळी. या सगळ्या खुणांमागे एकच कारण असावं, असं त्यांचं म्हणणं. डिजिटाटामध्ये गुणसूत्रांची संख्या इतर बाओबाबच्या जवळपास दुप्पट असते. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशी मोठी होते, पेशी मोठी की परागकण आणि रंध्रही मोठं. मग ज्या झाडांत हे लहान आहे, त्यांत गुणसूत्रं दुप्पट झालेलीच नसणार, म्हणजे ती वेगळी जाती. तर्क सुंदर होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या ग्लिनिस क्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची फुलं, परागकण, रंध्रं पुन्हा मोजली, गुणसूत्रं पाहिली. लहान फूल आणि मोठं फूल यांच्या मध्ये रेघ मारता येईल अशी मोकळी जागाच त्यांना सापडली नाही. मापं एकमेकांत मिसळत जात होती. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष दिला की आफ्रिकेत जाती एकच, किलिमा म्हणजे डिजिटाटाच. मला या प्रकरणात कुणी हरलं असं वाटत नाही. वेगळी जाती मानायची तर नुसता फरक पुरत नाही. दोन गटांच्या मध्ये तुटकपणा दिसायला हवा, आणि अनेक लक्षणांत तो एकाच ठिकाणी दिसायला हवा. हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण क्वचितच मिळतं.

मग जनुकांचे अभ्यास आले. २०२४ साली आठही जातींच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं की या प्रजातीचा उगम बहुधा मादागास्करमध्येच, सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी झाला, आणि तिथून ती समुद्रापार आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला गेली. मादागास्करमधल्या जातींचा आपापसांत संकर होत आला आहे, हेही स्पष्ट झालं. म्हणजे ही वंशावळ सरळ फांद्यांची नाही. काही फांद्या वाटेत पुन्हा एकमेकींना भेटल्या आहेत. एका गटाच्या फुलाचा गुण दुसऱ्या गटात कसा आला, याचं उत्तर काही ठिकाणी या भेटींत असू शकतं. म्हणून फुलावरून पाडलेले गट ओळख पटवायला आजही उपयोगी आहेत, पण प्रत्येक गट म्हणजे एकाच आईची लेकरं असं धरून चालत नाही.

एक वर्गवारी मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. पश्चिम आफ्रिकेत माली देशात बाओबाब हे रोजच्या जेवणातलं झाड आहे. कोवळ्या पानांची भाजी होते, वाळवलेल्या पानांची पूड कालवणाला दाटपणा आणते, फळातल्या आंबट पांढऱ्या गराचं पेय होतं. तिथले लोक डिजिटाटामध्येच प्रकार करतात: काळ्या सालीचा, तांबड्या सालीचा, राखी सालीचा आणि गडद पानांचा. काळ्या आणि तांबड्या सालीच्या झाडांची फळं खायला चांगली, राखी सालीची झाडं दोरासाठी, आणि गडद पानांचं झाड भाजीसाठी राखायचं. शास्त्रज्ञांनी साल ही खूण बाजूला ठेवली, कारण त्यांना नातं शोधायचं होतं. मालीतल्या बाईला कुठल्या झाडाचं फळ खायचं आणि कुठलं झाड दोरासाठी राखायचं ते ठरवायचं असतं, आणि ती आधी सालीकडेच बघते.